जुन्या मोटारसायकलचे पाणी

मे महिन्यातील दुपारी जयपूरच्या बडी चौपडवर वाहनांची रांग खोळंबते, तेव्हा हवामहालाच्या गुलाबी भिंतीखाली उभ्या असलेल्या मोटारसायकलींतून मधूनच एक घरघर ऐकू येते. एखाद्या गाडीच्या पोटातील छोटा पंखा सुरू झालेला असतो. स्वाराच्या गुडघ्यांवर भट्टीसारखी झळ येते, आणि पंखा बराच वेळ फिरूनही भागले नाही तर समोरच्या तबकडीवर तांबडा दिवा लागतो. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ साली उभारलेल्या त्या महालाच्या शेकडो झरोक्यांतून वारा खेळतो व आतली दालने निवतात. खाली रस्त्यावर अडकलेल्या यंत्राच्या वाट्याला मात्र वारा येत नाही. त्याने अंगातली उष्णता टाकावी तरी कोठे?

पूर्वी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता. १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरची येझ्दी, किंवा खेड्यापाड्यांतून दूध वाहणारी राजदूत, या साऱ्या गाड्या वाऱ्याने थंड होणाऱ्या होत्या. इंजिनाभोवती पात्यांसारखे पदर असत. गाडी धावली की वारा त्यांवरून वाहे आणि उष्णता घेऊन जाई. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारसायकली जगाला नवीन नव्हत्या. इंग्लंडात स्कॉट नावाची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभीच पाण्याचा आधार घेत होती. जपानच्या सुझुकीने १९७१ साली साडेसातशे सीसीची पाण्याची गाडी काढली, तेव्हा इंग्रज स्वारांनी तिचे नाव ‘किटली’ ठेवले व अमेरिकनांनी ‘पाणम्हैस’. आपल्याकडे हा प्रकार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो २००८ साली यामाहाच्या आर-१५ या गाडीने. पुढे २०१२ मध्ये पुण्याजवळच्या चाकणहून केटीएम ड्यूक आणि पल्सर २०० एनएस बाहेर पडल्या, आणि तरुणांच्या डोळ्यांत रेडिएटरची जाळी भरली. जयपूरलगत कूकस येथे हीरो कंपनीचे संशोधन केंद्र २०१६ पासून उभे आहे. त्या कंपनीनेही २०२३ साली आपल्या करिझ्माला द्रवाने थंड होणारे इंजिन दिले.

या सर्वांतील पहिल्या पिढीच्या गाड्या आता दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. पहिल्या मालकाने हौस फेडून घेतली, दुसऱ्याने वापरली, आणि आज ती गाडी तिसऱ्याच्या हाती आहे. हा तिसरा मालक बहुधा महाविद्यालयातला विद्यार्थी असतो, किंवा घरोघर जेवणाचे डबे व पार्सले पोचवणारा मुलगा. त्याच्या दृष्टीने ती हौस नव्हे. त्याचा दिवस तिच्यावर चालतो. इंजिनाचे डोके एकदा तापून वाकले, तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जाऊन बसतो. आणि हे वाकणे पुष्कळ वेळा ज्या वस्तूमुळे घडते, ती लिटरभराहून फारशी अधिक नसते. ती म्हणजे गाडीतले पाणी.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी चाकाला मिळते ती स्थूलमानाने एक-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी. तितकीच धुरांड्यावाटे निघून जाते, आणि उरलेली धातूच्या अंगात शिरते. ज्वालेचे तापमान क्षणभर २,००० अंशांवर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. या दोहोंमध्ये धातूची एक भिंत व तिच्यामागे वाहणारे पाणी, एवढेच काय ते असते. पाणी या कामासाठी निवडले याचे कारण त्याची उष्णता पोटात घेण्याची विलक्षण शक्ती. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा ते तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. एक लहान पंप हे पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरवतो, आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांतून जाताना ते आपली उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करते. वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा पहारेकरी बसलेला असतो. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन पुरेसे ऊन झाले की ते वितळून फुगते व रेडिएटरकडचे दार उघडते. शेवटचा भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते केवळ झाकण नव्हे. त्याची कमान आतला दाब साधारण एक वायुमंडलाने वाढवून धरते, आणि त्या दाबाखाली पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. प्रेशर कुकरचे तत्त्व हेच.

आता जयपूरचा उन्हाळा या हिशेबात घालून पाहावा. रेडिएटरची शक्ती सर्वस्वी फरकावर अवलंबून असते: आतले पाणी किती ऊन आणि बाहेरची हवा किती थंड. आतले पाणी ९५ अंशांवर आहे असे धरू. जानेवारीच्या पहाटे हवा १० अंशांवर असते. फरक ८५ अंशांचा. मेच्या दुपारी हवा ४५ अंशांवर जाते. फरक उरतो ५० अंशांचा. रेडिएटर तोच, पाणी तेवढेच, पण त्याची शक्ती जवळजवळ चार-दशांशांनी घटलेली. नव्या गाडीत एवढी तूट सोसण्याची सोय कारखानदाराने ठेवलेली असते. जुन्या गाडीत ती सोय वर्षानुवर्षे हळूहळू खर्च झालेली असते, आणि ती कशात खर्च झाली हे झाकण उघडून पाहिल्यावाचून कळत नाही.

तेथेच जयपूरच्या पाण्याची गोष्ट येते. शहराची तहान एकेकाळी रामगढच्या बांधाने भागवली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती ज्या तलावात झाल्या तो हाच. पुढे तो कोरडा पडला. आज टोंक जिल्ह्यातील बिसलपूर धरणातून बनास नदीचे पाणी शहरात येते. परंतु जेथे नळ पोचत नाही किंवा पुरत नाही तेथे कूपनलिकाच चालते, आणि भूगर्भातून आलेल्या या पाण्यात क्षार पुष्कळ. पाठ्यपुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, घरोघरी जड पाणी. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि चहाच्या भांड्याच्या तळाशी पांढरा पापुद्रा धरतो.

गॅरेजवाल्याच्या हाताशी नेमके हेच पाणी असते. तांबडा दिवा लागला म्हणून गाडी आत घेतली, झाकण उघडले, पाणी कमी दिसले, तांब्याभर ओतले, झाले! ‘पिण्याचे पाणी आहे साहेब, स्वच्छ आहे,’ हे त्याचे म्हणणे खोटे नसते. पण माणसाच्या पोटाला चालणारे पाणी इंजिनाच्या पोटाला चालतेच असे नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठिनता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा पाणीसाठाच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावी. म्हणजे लिटरभर अतिजड पाण्यातसुद्धा अर्ध्या ग्रॅमहून थोडा अधिक क्षार. चिमूटभरही नव्हे. मग एवढ्याने बिघडते काय, असे कोणीही विचारील.

याचे उत्तर जयपूरपासून फार दूर नाही. शहराच्या पश्चिमेस सांभर सरोवर आहे. तेथील आगरांत खारे पाणी कोंडतात, ऊन पाण्याला उचलून नेते, मीठ मागे राहते. मग पुन्हा पाणी, पुन्हा ऊन, पुन्हा मीठ. झाकणाची कमान सैल झालेल्या गाडीत हेच घडते. वाफ निसटते, ती शुद्ध असते. क्षार आत राहतात. स्वार पुन्हा तांब्याभर पाणी ओतून नवे क्षार घालतो. पहिले पाणी निरुपद्रवी असते. दहावे, पंधरावे असत नाही. त्यात भर अशी की मिठासारखे हे क्षार उष्णतेने अधिक विरघळत नाहीत. कॅल्शियमचे बायकार्बोनेट तापले की फुटते व त्याचा चुना होऊन खाली बसतो. तो बसतो कोठे, तर जेथे भिंत सर्वांत ऊन असते तेथे, म्हणजे ज्वालेच्या अगदी पाठीशी. या पुटातून उष्णता वाहण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या मानाने शंभरावा भाग किंवा तिच्याही खाली. पाणी वाहत असते, पंखा फिरत असतो, आणि तरीही पुटापलीकडचा धातू तापत जातो. शिवाय पाण्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला टोचून बारीक खड्डे पाडते. पातळ नळीला एवढे छिद्र पुरेसे असते.

यावर तोड म्हणून कूलंट नावाचा हिरवा, निळा वा नारिंगी द्रव बाजारात मिळतो. तो म्हणजे एथिलीन ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि थोडी गंजरोधक द्रव्ये. याचे एक नाव ‘गोठणरोधक’ असे असल्याने पुष्कळांची फसगत होते. जयपुरात पाणी गोठते थोडेच, मग ही चैन कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. शेखावाटीतील फतेहपूरला हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, हे सोडून देऊ. पण अर्धे पाणी व अर्धे ग्लायकॉल या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्याहून काही अंशांनी वर असतो, पंपाची सील त्यात नीट राहते, आणि मुख्य म्हणजे गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमवर संरक्षक पापुद्रा धरून ठेवतात. ही द्रव्ये अक्षय नाहीत. ती खर्च होतात. म्हणूनच बहुतेक साधे कूलंट दोन वर्षांनी बदलावयाचे असते, मग रंग कितीही टवटवीत दिसो. रंग ही निव्वळ ओळखखूण असून गुणाची हमी नव्हे. उलट, अधिक ग्लायकॉल म्हणजे अधिक थंडावा हाही भ्रमच. निव्वळ ग्लायकॉल पाण्याएवढी उष्णता वाहत नाही. त्यात पाणी हवेच, फक्त ते क्षाररहित हवे. बॅटरीसाठी डब्यातून मिळणारे शुद्ध पाणी या कामी उत्तम.

जुन्या गाडीचे पाणी बदलण्याचे काम कठीण नाही, पण त्यात घाई चालत नाही. गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. हा नियम सर्वांत आधी सांगावा लागतो, कारण तो मोडणाऱ्याचा चेहरा व हात भाजतो. दाबाखाली ११० अंशांवर शांत असलेले पाणी झाकण फिरताच एका क्षणात उकळते आणि कारंज्यासारखे उसळते. रेडिएटरला हात लावून तो गार लागला, तरच झाकणाला हात घालावा.

गाडी सरळ उभी करून पंपाच्या तळाशी असलेला निचऱ्याचा बोल्ट काढावा व खाली पसरट भांडे धरावे. बाजूच्या लहान टाकीतले पाणीही काढावे. तिचा बहुतेकांना विसर पडतो आणि जुना गाळ नव्या पाण्यात येऊन मिसळतो. भांड्यातील पाणी फेकून देण्यापूर्वी मिनिटभर न्याहाळावे. वैद्य नाडी पाहतो, तशी ही इंजिनाची नाडी. मूळचा रंग शाबूत असून द्रव पारदर्शक असेल तर फारशी काळजी नाही. विटकरी रंग आतील लोखंडी भागांच्या गंजाचा. पांढरे कण व पापुद्रे जड पाण्याचे. पण द्रव दुधाळ, चहासारखा आणि तेलकट दिसला तर धुणे तेथेच थांबवावे. इंजिनाचे तेल व पाणी एकमेकांत शिरले आहेत. डोक्याखालचे गॅस्केट किंवा पंपाची सील गेली आहे, आणि ते काम जाणत्या मिस्त्रीचे.

पाणी दुधाळ नसेल, तर बोल्ट परत लावून शुद्ध पाणी भरावे व इंजिन चालवावे. किती वेळ, याचे उत्तर घड्याळात नसून वरच्या रबरी नळीत आहे. प्रथम ती गार असते. थर्मोस्टॅटचे दार उघडले की एकाएकी ऊन होते. त्याआधी इंजिन बंद केले तर पाणी आतल्या आतच फिरलेले असते, रेडिएटर धुतलाच जात नाही. पंखा एकदा सुरू होऊ द्यावा. तो चालतो की नाही हेही त्यानिमित्ताने कळते. मग पुन्हा पूर्ण गार होऊ देऊन निचरा, पुन्हा शुद्ध पाणी, असे निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. दोन-तीन फेऱ्या लागतात; म्हणजे फुरसतीचा एक दिवस. धुतल्यावर थोडे पाणी आतल्या वळणांत राहतेच, म्हणून अखेरची फेरी नळाच्या पाण्याने करू नये.

पुट जाड असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही. त्यासाठी ॲल्युमिनियमला चालेल असे तयार द्रावण बाटलीवरील प्रमाणाने वापरावे. लिंबूसत्त्वाचे सौम्य पाणीही चुना सोडवते, पण ते आत मुक्कामाला ठेवावयाचे नसते व नंतर भरपूर शुद्ध पाण्याने धुऊन काढावे लागते. जुन्या काळी मोटारींचे इंजिन ओतीव लोखंडाचे व रेडिएटर पितळेचा असे, तेव्हा धुण्याचा सोडा घालीत. तीच युक्ती काही वृद्ध मिस्त्री आजही सांगतात. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, धुण्याचा सोडाही त्याला मानवत नाही. लोखंडाच्या युगातले ते ज्ञान येथे लावू नये. हळदीचेही तसेच. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून ट्रकवाल्यांनी कित्येक रात्री निभावून नेल्या आहेत आणि त्या युक्तीला दाद दिली पाहिजे. परंतु जी हळद छिद्र बुजवते ती मोटारसायकलच्या बारीक नळ्याही बुजवते.

आतले धुणे चालू असता बाहेरची जाळी विसरून चालणार नाही. राजस्थानातील मे-जूनच्या वावटळींनंतर रेडिएटरच्या पदरांत धूळ आणि किडे यांचा गिलावा बसतो. तो मागच्या बाजूने, हलक्या धारेने काढावा. धुलाईकेंद्रातील जोरदार फवाऱ्याने मऊ पदर आडवे होतात आणि वाऱ्याची वाट कायमची अडते. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. कडक झालेली, तडकलेली किंवा टोकाशी फुगलेली नळी बदलावी; झाकणाचे रबर वठले असेल तर तेही. पंपाखाली एक बारीक छिद्र असते. त्यातून ओघळ आलेला दिसला की कित्येक जण ते बुजवून टाकतात. ते छिद्र कारखान्याने मुद्दाम ठेवलेले असते. आतली सील झिजली ही वर्दी ते देते.

आता भांड्यात उरलेल्या जुन्या पाण्याविषयी. उन्हाळ्यात जयपूरच्या गल्ल्यांतून लोक झाडांना पाण्याची मातीची भांडी टांगतात. पाखरांच्या या पाणपोयांना तेथे परिंडे म्हणतात. दारापुढे गाईकुत्र्यांसाठीही पाणी ठेवलेले असते. अशाच गल्लीत, अशाच उन्हात, गाडीखाली हिरव्या पाण्याचे घमेले उघडे राहते. ग्लायकॉलची चव गोड असते. तहानलेले कुत्रे ते पाणी पिते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते, कॅल्शियमशी मिळून त्याचे स्फटिक बनतात व मूत्रपिंडे बंद पडतात. पहिल्या काही तासांत जनावर केवळ झिंगल्यासारखे दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मूल ते प्याले तरी हाच क्रम, आणि तेथे वाट पाहणे म्हणजे वेळ गमावणे. बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. तेव्हा जुने कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात न ओतता घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, डब्यावर ठळक अक्षरांत विष असे लिहावे, आणि जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये ते घेतात का हे विचारून तेथे द्यावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर ते कदापि भरू नये. जमिनीवर सांडलेले लगेच धुऊन काढावे.

नवे कूलंट भरताना निचऱ्याच्या बोल्टाखाली नवा वॉशर घालावा, आणि निरनिराळ्या जातींची मिसळ करू नये. काही द्रवांची एकमेकांशी गाठ पडली की खळीसारखा लगदा होतो. धार बारीक ठेवावी. भरभर ओतल्यास हवा आत कोंडते, आणि डोक्याच्या वळणात अडकलेला हवेचा एक बुडबुडा त्या जागेपुरते पाणी नसल्यासारखाच घातक असतो. गाडी हलकेच डावी-उजवीकडे कलवावी, नळ्या दाबाव्यात, हवा सोडण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा. झाकण उघडे ठेवून गार इंजिन थोडा वेळ मंद चालवले की बुडबुडे वर येतात व पातळी खाली जाते. तेवढी भर घालून, पाणी ऊन होण्यापूर्वीच झाकण बसवावे. बाजूच्या टाकीत द्रव दोन खुणांच्या मध्ये असावा, काठोकाठ नव्हे; तापल्यावर फुगणाऱ्या पाण्याला तीच जागा असते.

पहिली फेरी लांबची करू नये. आमेरपर्यंत जाऊन यावे, नाहरगडचा चढ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. दुसऱ्या सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. ती किंचित उतरलेली असते, कारण राहिलेली हवा रात्रीतून बाहेर पडलेली असते. शुद्ध मिश्रणाने ती पूर्ववत करावी आणि आसनाखाली एका चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटरचा आकडा व कूलंटची जात लिहून ठेवावी, म्हणजे चौथ्या मालकाला ती विचारत फिरावे लागणार नाही. त्यानंतर पंधरवड्याने पातळी जेथल्या तेथे असली तर काम नीट झाले. उतरतच राहिली, तर पाणी कोठून तरी जात आहे. तेव्हा भर घालीत न बसता गळती शोधावी, आणि रस्त्यात तांबडा दिवा लागलाच तर गाडी सावलीत घेऊन इंजिन बंद करावे व झाकणाला हात न लावता ते निवण्याची वाट पाहावी.